राहुरीत बदललेली सोवळी बाई : लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांच्या श्रद्धेचे गुरू

दौंड-मनमाड मार्गावरच्या गाडीनं श्रीरामपूरला उतरलात तर स्टेशनवर पाटी दिसते ती बेलापूरची. श्रीरामपूर हे गाव या स्टेशनाभोवती नंतर वाढलं. जुनं बेलापूर प्रवरेच्या काठी, थोडं आत आहे. याच मार्गावर नगरच्या दिशेला पुढं राहुरी लागतं. आज श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात गावोगाव चर्च दिसतं आणि पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेली मराठी घरं दिसतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच राहुरीत एका कर्मठ ब्राह्मण बाईच्या मनात जे घडलं, ते मराठी साहित्याच्या इतिहासात जाऊन बसलं.

या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका. मराठीतली सर्वात चांगली दहा पुस्तकं निवडायला कुणालाही सांगा, त्यात हे पुस्तक बहुधा असतंच. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य वेगळे, हे वेगळे, फक्त दोघंही कोकणातले चित्पावन. ‘केवढें हें क्रौर्य’ ही शाळेतली कविता ज्यांची, ते हे टिळक.

लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म नवऱ्यामुळे स्वीकारला असं सरसकट सांगितलं जातं. ते निम्मंच खरं आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांनी त्याच्यासोबत जायला साफ नकार दिला होता. पुढची जवळपास पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. ज्या माणसानं संसार मोडला, तोच पुढं श्रद्धेतला गुरू कसा झाला, हा या आयुष्यातला खरा प्रश्न आहे.

सुरुवात सोवळ्यापासूनच करावी लागते. लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरातली मनू. १८५७ च्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली यावर सगळ्या घराचा दिवस ठरायचा. घरातली माणसं त्यात भरडून निघाली. लक्ष्मीबाईंनी पुढं हे सगळं इतक्या गमतीनं लिहिलंय की वाचणारा हसत सुटतो, आणि हसून झाल्यावर लहानग्या मनूचं काय होत असेल ते लक्षात येतं.

मनूचं लग्न १८८० मध्ये झालं. वय अकरा-बाराचं. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. सासरी नाव मिळालं लक्ष्मी. शाळेचं तोंडही तिनं पाहिलेलं नव्हतं. लिहिणं-वाचणं जे काही आलं ते लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, धड्याधड्यानं. नवरा शीघ्रकवी, संस्कृतचा जाणकार, कीर्तन-प्रवचनात रमणारा आणि कमालीचा लहरी. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. घरात शिधा नसला तरी हातातला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळा व्हायचा. राग आला की आभाळ फाटायचं आणि उतरला की लहान मुलासारखा लोभ. या संसारातली काही मुलं अगदी लहानपणी गेली. देवदत्त, म्हणजे दत्तू, हा मुलगा जगला.

लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेची वाट टिळकांच्या वाटेतूनच निघते, म्हणून टिळकांना घडवणारी माणसं आधी माहीत असायला हवीत.

नारायणची आई जानकीबाई. भक्ती आणि कविता यांची ओढ मुलाला तिच्याकडून मिळाली. ती लवकर गेली. बाप तापट, तेव्हा पोरगा घर सोडून नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांनी त्याला संस्कृत शिकवलं. पुढं नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानं टिळकांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवलं. हिंदू धर्माला नवं, जातिभेदमुक्त रूप द्यावं हा विचार तेव्हा डोक्यात घोळत होता. म्हणजे हा माणूस ख्रिस्ती धर्माकडे वळला तो स्वतःच्या धर्माचं काही माहीत नसल्यामुळे वळला नाही. त्यानं त्यात बराच काळ शोध घेतला होता.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. त्यानं जागा करून दिली, संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या, मग बोलणं धर्मावर आलं. उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि वाचायचं वचन घेतलं. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. तो फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, असं टिळकांच्या चरित्रात पुढं नोंदलं गेलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते केवळ दिलेल्या शब्दाला जागायचं म्हणून. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. ज्याच्यामुळे आयुष्याची दिशा बदलली, तो माणूस एका प्रवासापुरता भेटलेला.

मग मुंबईतले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. या ॲबट यांनीच पुढं निवृत्तीनंतर एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई अशा मराठी संतांवरचं साहित्य इंग्रजीत नेलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता रेव्हरंड तुकारामजी नाथोजी या मराठी पाळकाच्या हातून घेतला. आपली ख्रिस्ताकडे जाणारी वाट संत तुकारामाच्या पुलावरून गेली, असं टिळक पुढं सांगत. देहूचे तुकाराम आणि बाप्तिस्मा देणारे तुकारामजी, नावाचा हा योग मजेशीर आहे. पण टिळक बोलत होते ते देहूच्या तुकारामांबद्दल. ज्यांनी आपल्याला घडवलं त्या यादीतून त्यांनी वारकरी संताचं नाव धर्मांतरानंतरही काढलं नाही.

इकडे लक्ष्मीबाईंना बातमी कळली आणि त्या कोसळल्या. नवरा जिवंत, आणि नवरा गेलेला. त्या काळी ब्राह्मण घरात धर्मांतर म्हणजे सामाजिक मरणच. बायको सवाष्ण म्हणायची की विधवा, हेही लोकांना कळेना. कधी नाशिक-जलालपूर, कधी पंढरपूर, असे नातेवाइकांच्या आधारानं दिवस निघाले. बहीण भिकुताई आणि तिच्या घरच्यांनी सांभाळलं. दुःखानं तब्येत ढासळली. याच काळात लक्ष्मीबाईंच्या तोंडून कविता येऊ लागली. नवऱ्यानं अक्षर शिकवलं होतं, त्याच्याच विरहानं त्याचा उपयोग दाखवून दिला.

टिळकांनी पत्रं पाठवली, भेटायचा प्रयत्न केला, पण बायकोला फरफटत नेलं नाही. तो काळ पाहिला तर ही साधी गोष्ट नव्हती. नवऱ्यानं फर्मावायचं आणि बायकोनं निमूट मागं जायचं हीच रीत होती. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या, पण अटीवर. नवरा ख्रिस्ती, आपण हिंदूच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं तसंच. टिळकांनी ते मान्य केलं आणि बायकोचं सोवळं मोडू नये यासाठी सगळी व्यवस्था लावून दिली. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात कडक सोवळ्यातली चूल पेटत होती. मिशनच्या आवारात हा चर्चेचा विषय झाला नसता तरच नवल.

हे आवार अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. अमेरिकन मराठी मिशननं तिथं १८३१ मध्ये ठाणं मांडलं होतं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथंच सुरू झालं. टिळक पोहोचले तेव्हा तिथं डॉ. रॉबर्ट ह्यूम धर्मशिक्षणाची शाळा चालवत होते. मुंबईतच जन्मलेले हे ह्यूमसाहेब टिळकांचे आधार बनले. टिळक तिथं शिकवू लागले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी त्याआधीच टाळ-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तन रुजवलं होतं. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवून गाणाऱ्या मंडळीत टिळकांची अभंगवाणी एरवी उपरी ठरली असती. इथं जमीन आधीच नांगरलेली होती.

लक्ष्मीबाई या सगळ्यात वावरत होत्या, बघत होत्या, पण हलत नव्हत्या. मग राहुरी आलं.

राहुरी हे मिशनचं जुनं ठाणं. तिथं मुक्कामाला असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात एक साधा हिशेब सुरू झाला. जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असतील तर जशी जनावरं आणि पक्षी पाहताक्षणी वेगळे ओळखू येतात, तशी माणसंही जातीगणिक वेगळी घडवली असती. पण जन्मायची रीत एक, मरायची एक, शरीर एक. मग हा भेद माणसाचा. आणि माणसानं केलेली गोष्ट पाळायची कशाला? ज्या मुलीच्या बापानं सोवळ्यापायी आयुष्य घालवलं, तिनं राहुरीत स्वतःशीच वाद घालून ते सोवळं सोडलं. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी आणि अन्न घ्यायचं ठरलं.

यात एक बारकावा सुटून जातो. लक्ष्मीबाईंची श्रद्धा बदलली ती आधी येशूच्या चमत्कारांवर किंवा स्वर्गाच्या वचनावर नाही. ती बदलली पाण्यावर. पाणी कुणी भरायचं, घागरीला कुणी शिवायचं, या रोजच्या प्रश्नावर. डॉ. ह्यूम किंवा रेव्हरंड टिळक यांच्या प्रवचनांनी जे झालं नाही ते पाण्याच्या तांब्यानं केलं. मात्र तो विचार करायची मोकळीक टिळकांनी दिली होती, हेही तितकंच खरं. पाच वर्षं वाट बघणं आणि नंतर बायकोची सोवळ्यातली चूल सांभाळणं, हीच त्यांची शिकवण ठरली. तिथं त्यांनी हुकूम सोडला असता तर लक्ष्मीबाई कदाचित शरण गेल्या असत्या, पण ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी बाई उरली नसती.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच काळात मराठी मुलखातल्या दुसऱ्या एका बाईचा असाच हिशेब चालू होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यामागे फादर नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. पण ज्या सिस्टर जेराल्डीन यांनी वाँटेजला सांभाळलं, त्यांच्याशी रमाबाईंनी धर्माच्या मुद्द्यांवर पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. गुरूचं ऋण मानायचं आणि गुरूशी भांडायचंही, ही रीत दोघींची सारखी. फरक इतकाच की रमाबाईंचा वाद पत्रांत झाला आणि लक्ष्मीबाईंचा स्वयंपाकघरात.

बाप्तिस्म्याच्या आगेमागे छप्पन्नचा दुष्काळ होता. १८९९-१९०० चा हा दुष्काळ नगरकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. पाठोपाठ प्लेग. मिशनच्या आवारात अनाथ पोरं गोळा झाली. टिळकांनी पोरं घरी आणायची आणि लक्ष्मीबाईंनी ती वाढवायची, अशी न ठरवता झालेली वाटणी. नवा धर्म लक्ष्मीबाईंना कळत गेला तो या पोरांची आजारपणं काढताना. पुढं काही वर्षं टिळकांचं बिऱ्हाडच राहुरीला होतं. जिथं सोवळं सोडलं, त्याच गावात जातीपातीच्या सगळ्या लोकांत त्या रमल्या.

कवी बालकवी ठोंबरे हेही या घरात राहिलेले. टिळकांना हा पोरगा म्हणजे कवितेतला वारस वाटायचा, लक्ष्मीबाईंना तो घरातला आणखी एक मुलगा. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे त्याच्यावरची माया आटली असंही झालं नाही. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली इथं रेल्वे अपघातात बालकवी गेले. ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्याबद्दलची जी पानं आहेत ती मराठीतल्या सर्वात हळव्या पानांपैकी आहेत.

टिळकांचं शेवटचं पर्व सातारचं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा प्रयोग मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूला मानणारे सगळे एका छत्राखाली यावेत, असा तो विचार होता. ज्या मिशनऱ्यांचे उपकार आयुष्यभर मानले, त्यांच्या पगारावर मात्र राहायचं नाही, हे त्यात होतंच. लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पाहिलं तर नवऱ्यानं उतारवयात पुन्हा एकदा बांधलेलं घर सोडलं. यावेळी त्या सोबत होत्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. त्यांच्या आयुष्याचा सर्वात मोठा भाग अजून उरला होता असं म्हणायला हरकत नाही.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य सुरू केलं होतं. ओवीतून येशूचं चरित्र, म्हणजे मराठी माणसानं पोथीसारखं वाचावं असं. जेमतेम दहा अध्याय झाले आणि ते राहिलं. ते पुढं कोण नेणार? भोवती पदवीधर, धर्मशास्त्र शिकलेले लोक होते. ते काम हाती घेतलं ते शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी त्यात आणखी ६४ अध्याय लिहिले. दहाला चौसष्ट. ज्यानं अक्षर शिकवलं त्याचं अर्धवट काम त्याच्या सहापट लिहून पुढं नेणं, हे ऋण फेडणं मराठीत तरी दुसरं सापडत नाही. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ आज फारसं वाचलं जात नाही. टिळकांची प्रतिभा एकेका स्फुट कवितेत चमकायची तशी तिथं दिसत नाही, आणि लक्ष्मीबाईंचा खरा सूर गद्यात लागला. ‘करंज्यांतला मोदक’ सारख्या कवितेत त्यांचा खट्याळपणा दिसतो, पण त्यांचं गद्य त्याच्याही पुढं आहे.

त्या गद्याचं निमित्तही टिळकच. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता. त्यानं आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं. आठवणी टिळकांच्या म्हणून सुरू झाल्या आणि लिहिता लिहिता दोघांच्या झाल्या. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि १९३४ पासून पुस्तकाचे भाग निघाले.

ख्रिस्ती मंडळींना आपल्या थोर कवीचं पवित्र चरित्र हवं असणार. लक्ष्मीबाईंनी तसं लिहिलं नाही. टिळकांचा राग, उधळेपणा, विसरभोळेपणा, बायकोला न सांगता घेतलेले निर्णय, सगळं आहे. धर्मांतराच्या वेळी झालेली स्वतःची दैना आहे. आणि त्याच पानांवर टिळकांची माया, त्यांचं देवावरचं वेड, गरिबाला पाहून कळवळणं आहे. कुठंही तक्रारीचा सूर नाही आणि आरतीचाही नाही. नवऱ्याचे दोष झाकून उपकार मानणं सोपं होतं. दोष मांडून उपकार मानायचे तर वाचणाऱ्याला दोन्ही पटायला हवेत, आणि इथं पटतात. पुस्तक वाचून टिळकांवर चिडलेले वाचक शेवटी त्यांच्याच प्रेमात पडतात.

हे पुस्तक हिंदू वाचकांनीही डोक्यावर घेतलं. नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद लक्ष्मीबाईंना मिळालं होतं, पण ‘स्मृतिचित्रे’नंतर त्या कुठल्या एका समाजाच्या लेखिका राहिल्या नाहीत. जोसेफीन इंकस्टर यांनी ‘आय फॉलो आफ्टर’ या नावानं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, अलीकडे शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तक पुन्हा इंग्रजीत आणलं. विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत सुहास जोशी होत्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाई गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तेव्हा अपुरा होता आणि ‘ख्रिस्तायन’ही अगदी शेवटाशी येऊन थांबलं होतं. दोन्ही पुरी केली ती देवदत्तनं.